मैत्रिणीला तीव्र चिंताविकार. सोबतच्या मुलीने किती आणि काय करावं?

कृष्णाकाठ

दहावीची वर्गशिक्षिका आहे. मराठी माध्यम, तालुक्याचं गाव. वर्गातल्या दोन मुलींबद्दल नेमका सल्ला हवाय. नावं बदलून मीरा आणि सई म्हणते.

मीराला तीव्र चिंताविकार आहे, पॅनिक अटॅकही येतात. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तसं निदान केलंय. उभं राहून वाचायचं म्हटलं की छातीत धडधड, हाताला मुंग्या, जीव घाबरा होतो आणि ती बाथरूमकडे पळते. आठवड्यातून एखाद-दोन दिवस शाळेलाच येत नाही. सई तिची पाचवीपासूनची मैत्रीण. आता मीराच्या वतीने बोलणं हे सईचंच काम होऊन बसलंय. शंका सईने विचारायची, वह्या सईने द्यायच्या, मीरा मधल्या सुट्टीत खाली उतरत नाही म्हणून सईचा डबाही वर्गातच. रात्री बारापर्यंत ‘उद्या चुकले तर?’, ‘बाई माझ्यावर रागावल्यात का?’ असे मेसेज येतात आणि सई प्रत्येकाला उत्तर देते. सहामाहीत सईचे गुण उतरले. तिच्या आईने बाक बदलून मागितलाय.

बाक बदलावा का? सई करतेय त्यातलं काय चालू ठेवायचं, काय थांबवायचं, आणि मीराला टाकून दिल्यासारखं न वाटता ते कसं थांबवायचं? वर्गात अटॅक आला तर सईने काय करायचं, मी काय करायचं? शिवाय भाषांच्या तोंडी परीक्षा तोंडावर आल्यात. ‘समजून घ्या गं एकमेकींना’ एवढं सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर विचारतेय.

मुक्ता_क (चिकित्सा मानसशास्त्र, किशोरवयीन मुलं)

बाई, बाक आत्ता बदलू नका. एकदम तोडलं तर मीराची शाळा सुटण्याची शक्यता जास्त, आणि सईच्या मनात अपराधी भावना बसेल ती वेगळीच. बदलायचं आहे ते सईचं काम.

चिंता कशावर पोसते ते आधी सांगते, कारण दोघी मुलींनाही ते समजावून सांगावं लागेल. भीती वाटली, ती गोष्ट टाळली, लगेच हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यातून मेंदू शिकतो की ‘टाळलं म्हणून वाचलो’. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते आणि आणखी मोठी येते. सई मीराच्या ऐवजी शंका विचारते, तेव्हा मीराला हायसं वाटतं. पण ‘मी विचारलं असतं तरी काही झालं नसतं’ हे कळण्याची तिची संधी जाते. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी हेच पालकांच्या बाबतीत तपासलं. मुलांना न बोलावता फक्त पालकांना १२ सत्रांत शिकवलं, की मुलाची भीती मान्य करायची पण तिच्यासाठी घर वाकवायचं नाही. २०२० साली आलेल्या त्या अभ्यासात ७ ते १४ वयाच्या मुलांना याचा फायदा मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकाच झाला. मैत्रिणीवर पालकाची जबाबदारी टाकायची नाही, पण चक्र तेच आहे.

सईसाठी कसोटी सोपी ठेवा: मीराच्या सोबत करते ते चालू, मीराच्या ऐवजी करते ते हळूहळू बंद. शंका विचारायला मीरा टेबलापर्यंत येते आणि सई शेजारी उभी राहते, हे चालेल. सई एकटी येऊन विचारते, हे नाही.

हे सईने एकटीने, गुपचूप सुरू करायचं नाही. तुम्ही, मीरा, सई अशा तिघी पंधरा-वीस मिनिटं बसा. पहिलं कोणतं काम सोडायचं ते मीराला निवडू द्या. एका वेळी एकच. आणि जे काढून घ्याल त्याच्या जागी मैत्रीतलं काहीतरी घाला: रात्रीचे मेसेज कमी झाले, तर शाळा सुटल्यावर दोघी रस्त्याने गप्पा मारत जातील. ही जोड दिली नाही, तर मीराला फक्त कमी झालेलं दिसतं.

आता मेसेज. ‘बाई रागावल्यात का?’ याला एकदा सरळ उत्तर द्यायचं. तोच प्रश्न परत आला तर सईने लिहावं, ‘हे मघाशी बोललो ना आपण. तुला स्वतःला काय वाटतं, आज बाई खरंच तसं काही बोलल्या का?’ तिसऱ्यांदा आला तर, ‘आता मी उत्तर देत नाहीये, कारण दिलं की तुझा त्रास वाढतो. उद्या सकाळी गेटवर भेटते.’ वाक्यं दोघींनी मिळून आधीच ठरवून वहीत लिहावीत, म्हणजे ऐन वेळी ती रागाची वाटत नाहीत. फोनची वेळ साडेनऊपर्यंत. त्यानंतर मीराने घरात कोणाला उठवायचं तेही त्याच पानावर लिहा.

इथे हमखास बिघडतं ते सांगते. पहिले आठ-दहा दिवस मेसेज कमी नाही, उलट वाढतात. सई विसाव्या मेसेजला विरघळली, तर मीराचा मेंदू शिकतो की वीस पाठवले की उत्तर येतं. म्हणून झेपेल तेवढीच मर्यादा ठरवा, पण ठरवली ती पाळा. ‘रात्री अजिबात नाही’ असं कडक ठरवून तिसऱ्या दिवशी मोडण्यापेक्षा ‘साडेनऊपर्यंत, एका प्रश्नाला एक उत्तर’ हे टिकतं.

आणखी एक. या वयात मुली एकत्र बसून तीच ती काळजी तासन्‌तास उगाळत बसतात. अमांडा रोज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलंय: असं उगाळत बसल्याने मुलींची मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी चिंता आणि उदासीही वाढते. म्हणून ते सोडणं अवघड जातं; तेच त्यांचं जवळ असणं असतं. रोज दहा मिनिटं मीराच्या भीतीबद्दल, पुढे दुसरं काहीही: क्रिकेट, मालिका, सईच्या घरचं. सईलाही मीराकडून काही मिळायला हवं. मीराचं गणित चांगलं असेल तर सईने तिच्याकडे शिकायला बसावं. सतत पेशंटसारखं वागवलेली मुलगी स्वतःला पेशंटच समजायला लागते.

वाचनाच्या भीतीसाठी शिडी करतात. ती मीराच्या समुपदेशकाने करावी, सईने नव्हे. पण ती कशी दिसते ते कळावं म्हणून देते. कंसातला आकडा म्हणजे मीराला दहापैकी किती भीती वाटते:

घरी एकटीने उतारा वाचून फोनवर रेकॉर्ड करणं (३). ते रेकॉर्डिंग सईला पाठवणं (४). मधल्या सुट्टीत सईसमोर वाचणं (४). सई आणि आणखी दोघींसमोर (५). तुमच्यासमोर शिक्षक खोलीत, सई दाराबाहेर (६). तेच, सई नसताना (७). वर्गात बसल्या जागी एक वाक्य, कधी ते आधी सांगून (७). उभं राहून एक परिच्छेद (८). आधी न सांगता नाव पुकारल्यावर (९).

प्रत्येक पायरी आठवड्यात चार-पाच वेळा. वाचण्यापूर्वी वहीत एक ओळ: ‘काय होईल असं वाटतं?’ नंतर दुसरी: ‘काय झालं?’ ‘आवाज फुटणार नाही, सगळे हसतील’ आणि खाली ‘आवाज कापला, कोणी हसलं नाही, मागच्या बाकावरच्या दोघी डबा उघडत होत्या’. काम होतं ते या दोन ओळींमधल्या फरकाने. धीर देऊन होत नाही. दोन चुका टाळा. एक, भीती ऐन शिखरावर असताना ‘बस आता’ म्हणून थांबवणं. मग टाळण्याचाच धडा पक्का होतो. वाक्य छोटं ठेवा, पण पूर्ण होऊ द्या. दुसरी, कुबड्या तशाच ठेवणं: हातात पाण्याची बाटली, सईचा हात, पुस्तकातून डोकं न काढणं. सुरुवातीला चालतं, वरच्या पायऱ्यांवर एकेक काढावं लागतं.

रानवारा (शालेय समुपदेशन)

मुक्ताताईंनी मुळाचं सांगितलं. मी वर्गातल्या त्या दहा मिनिटांचं सांगतो.

पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरतो. मुंग्या आणि चक्कर येते ती बहुतेक वेळा भराभर श्वास घेतल्याने: रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटं आणि ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. मग ‘मी मरतेय’ असं वाटून श्वास आणखी वाढतो. हे मीराला बरं असताना शांतपणे समजावून ठेवा. अटॅकच्या वेळी शास्त्र सांगू नका, डोक्यात शिरत नाही.

सईने तिच्या एका बाजूला बसायचं, समोर नाही. कमी आणि हळू बोलायचं: ‘अटॅक आहे. उतरेल. मी आहे.’ श्वास ‘खोल घे’ म्हणू नये. बऱ्याच मुली मग मोठमोठे श्वास घेतात आणि मुंग्या वाढतात. सांगायचं ते श्वास सोडण्याचं: नाकाने चार मोजेपर्यंत आत, ओठांचा चंबू करून सहा मोजेपर्यंत बाहेर, दोन-तीन मिनिटं. सईने स्वतः तसा श्वास घ्यावा, मीरा आपोआप जुळवून घेते. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावायची जुनी पद्धत करू नका. दम्याचा त्रास असेल तर ती धोक्याची आहे. पाय जमिनीवर घट्ट, बाकाची कड हाताने चाचपायची, दिसणाऱ्या पाच वस्तू सांगायच्या. हात धरायचा तर विचारून.

तुम्ही काय करायचं? शिकवणं चालू ठेवा. हे सगळ्यात मोठं काम. तुम्ही थांबलात की चाळीस माना वळतात. मीरासाठी एक खूण ठरवा, म्हणजे पेन आडवं ठेवलं की ती दाराजवळच्या बाकावर जाऊन बसू शकते. वर्गाबाहेर जायचंच झालं तर ठरलेल्या जागी (वाचनालय, शिक्षक खोली, बाथरूम नको, तिथे कडी लागते), दहा मिनिटं, आणि परत त्याच तासाला वर्गात. सोबत दर वेळी सईच नको. आणखी दोन मुलींना, मीराची हरकत नसेल तर, हे शिकवा आणि आळीपाळीने पाठवा. घरी फोन करून न्यायला बोलावू नका. अटॅक आला की घरी, असं चारदा झालं की शाळा सुटलीच समजा.

मात्र प्रत्येक धडधडीला अटॅक समजू नका. पहिल्यांदाच छातीत दुखलं, खेळताना किंवा धावताना शुद्ध हरपली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतोय, ओठ निळे पडले, तर थेट दवाखाना. नुसत्या पॅनिकमध्ये मुलं सहसा बेशुद्ध पडत नाहीत, कारण रक्तदाब वाढलेला असतो.

बाकीच्या वर्गाला मीराचं निदान सांगू नका. ‘तिला कधी कधी त्रास होतो, तेव्हा गराडा घालायचा नाही’ एवढं पुरे. तिने स्वतः सांगायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी. आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा व्हिडिओ जाता कामा नये, हे आजच ठणकावून सांगा.

निशिगंध (मनोविकारतज्ज्ञ)

निदान झालंय, पण पुढे उपचार चालू आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीये. ते आधी विचारा. सई कितीही चांगली वागली तरी उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

तपासण्यांत हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) झालंय का बघा. थायरॉइडचं काम वाढलेलं असेल किंवा रक्तक्षय (अंगात रक्त कमी) असेल तर धडधड आणि थकवा तसाच दिसतो. या वयाच्या मुलींत हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. दिवसाला चार कप कडक चहा, सकाळी उपाशी शाळेला येणं, चार-पाच तासांची झोप यांनीही अटॅक वाढतात.

उपचारात दोन गोष्टींना भक्कम आधार आहे: बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे वर सांगितलेली शिडी आणि विचारांवरचं काम, साधारण १२ ते १६ सत्रं, आणि एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी) औषधं. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेला मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनंतर दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं बरीच सुधारली, फक्त वर्तनोपचाराने ६० टक्के, फक्त सर्ट्रालीन या एसएसआरआय गोळीने ५५ टक्के, आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीने २४ टक्के. तीव्र आजारात म्हणूनच दोन्ही एकत्र सुचवतात.

गोळ्या पहिल्या दिवसापासून काम करत नाहीत. दोन ते चार आठवड्यांनी फरक पडायला लागतो, पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडे. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, थोडी जास्तच अस्वस्थता येऊ शकते आणि नेमकं तेव्हाच घरचे गोळी बंद करतात. पहिल्या काही आठवड्यांत वागण्यात अचानक बदल, चिडचिड, मरणाचे विचार यांवर लक्ष हवं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ पासून मुलांसाठी तशी ठळक ताकीद छापायला लावली आहे. याचा अर्थ गोळी देऊ नये असा नाही, डॉक्टरांना लवकर भेटत राहावं असा आहे. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवतात आणि हळूहळू कमी करतात. एकदम बंद केली तर चक्कर, अंगात झटके बसल्यासारखं वाटणं असं होतं.

दोन प्रकारच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम सांगतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांनी लगेच शांत वाटतं, म्हणून घरातल्या कोणाची तरी अर्धी गोळी मुलीला दिली जाते. सवय लागते, पेंग येते, आणि शिडीवरचं शिकणं बोथट होतं. दुसरी प्रोप्रानोलॉल, तोंडी परीक्षेआधी ‘हात कापू नयेत’ म्हणून कोणीतरी सुचवतं. दमा असलेल्या मुलीला ती जिवावर बेतू शकते. मैत्रिणीची गोळी मैत्रिणीने घ्यायची नाही, हे सईलाही सांगा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. मीराची आई बोलायला तयार आहे, पण आजी आणि वडील म्हणतात ‘दहावी होऊ दे, मग बघू’, आणि दृष्ट काढणं चालू आहे. एकदा गोळ्या आणल्या, दहा दिवसांत बंद केल्या. दुसरी गोष्ट आज कळली. मीराने सईला लिहिलं होतं, ‘सगळं संपलं तर बरं होईल’, आणि ‘कोणाला सांगितलंस तर मैत्री संपली’. सईने ते पंधरा दिवस मनात ठेवलं. मी काय करू?

मुक्ता_क

बाई, हे आजच करायचं. उद्यावर टाकू नका.

मीराला एकटीला, शांत जागी बसवा आणि सरळ विचारा: ‘जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंयस का?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही; उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं सुटकेचा श्वास सोडतात. उत्तर काहीही आलं तरी आजच आईला शाळेत बोलवा आणि मुख्याध्यापकांना कळवा. ठरवलंय असं म्हणाली, तर तिला एक मिनिटही एकटं सोडू नका, आईसोबत थेट जिल्हा रुग्णालयात. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवता येते. घरातली सगळी औषधं आणि शेतीची कीटकनाशकं कुलपात, आणि किल्ली घरातल्या मोठ्या माणसाकडे. खेड्यात हे एक काम सगळ्यात आधी सांगायचं.

तिला काही गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका. ‘तुझ्या जिवाचं आहे ते सोडून बाकी सगळं माझ्यापाशी राहील’ असं म्हणा. बोलताना कोणी लैंगिक छळ केल्याचं, वाईट हेतूने अंगाला हात लावल्याचं निघालं, तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. ते आपल्या मर्जीवर नाही.

सईशीही आजच बोला. तिने गुपित फोडलेलं नाही, मैत्रिणीचा जीव मोठ्यांच्या हवाली केलाय, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे. मीरा काही दिवस चिडेल, अबोला धरेल. सईने तेव्हा एकच वाक्य म्हणायचं: ‘तू रागावलीस तरी चालेल, मला तू हवी आहेस.’ भांडायचं नाही, माफी मागत सुटायचं नाही. आणि सईची झोप, जेवण यांकडे तिच्या आईचं लक्ष हवं. पंधरा दिवस असं ओझं वागवलेल्या मुलीलाही एखाद-दोनदा समुपदेशकाकडे न्यावं.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच. दोन्ही नंबर दोघींच्या वहीच्या त्या पानावर आणि फोनमध्ये घाला.

निशिगंध

घरच्यांबद्दल. दृष्ट काढू नका असं सांगून आजीशी वाद घालू नका, त्यात वेळ जातो आणि आई कोंडीत सापडते. ‘ते करा, आणि हेही करा’ म्हणा. वडिलांशी अभ्यासाच्या भाषेत बोला: गेल्या तीन महिन्यांची हजेरी काढून समोर ठेवा, किती दिवस बुडाले, कोणते तास चुकले. ‘दहावी झाल्यावर’ म्हणणाऱ्या माणसाला कळायला हवं की उपचार नाहीत म्हणूनच दहावी अडतेय. मागच्या वेळी गोळ्या दहा दिवसांत बंद झाल्या म्हणजे त्यांनी काम सुरू करण्याआधीच थांबल्या, हेही सांगा. मुलगी अठराच्या आत आहे, त्यामुळे उपचाराला पालकांची संमती लागते. एक पालक तयार असेल तर तिथूनच सुरुवात करा.

खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडी असते. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठीचं ‘मैत्री क्लिनिक’ आहे का तेही विचारा. तिथले समुपदेशक पुढे पाठवतात. जाताना मागच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि तुमचं अर्ध्या पानाचं पत्र द्या: अटॅक आठवड्यात किती, कोणत्या तासाला, किती मिनिटं, काय केल्यावर उतरतो. दहा मिनिटांच्या ओपीडीत त्या अर्ध्या पानाने फार फरक पडतो. आजच्या मेसेजचं मात्र पत्रात नको, डॉक्टरांना तोंडी आणि स्पष्ट सांगा.

रानवारा

तोंडीचं राहिलं होतं. भाषांच्या तोंडीचे गुण शाळेतच दिले जातात, त्यामुळे हातात बरंच आहे, पण आधी मीराचा जीव सुरक्षित, मगच ही शिडी. माफ करू नका आणि चाळिसांसमोरही उभं करू नका. तिची तोंडी सकाळी पहिली घ्या. ताटकळत बसण्यात भीती सर्वात जास्त वाढते. खोलीत परीक्षक आणि ती. आधी दोनदा त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, वेगळ्या उताऱ्यावर सराव. सुरुवातीला अडली तर तीस सेकंद थांबा, शब्द पुरवू नका. सईची तोंडी तिच्या लगेच आधी किंवा नंतर ठेवू नका, नाहीतर सईचं अर्धं लक्ष दाराकडे राहील आणि तिचे गुण पुन्हा जातील.